लेथचा शून्य आणि न्यूटनची बादली

‘अवकाश म्हणजे फक्त वस्तूंमधील संबंध, न्यूटनचा निरपेक्ष अवकाश आइन्स्टाइनने मोडीत काढला’ असे लेखांतून आणि वर्गातही सर्रास सांगितले जाते. हे विधान आम्हांला घाईचे वाटते. ते तपासायला भोसरी-चाकणमधला एखादा लेथ पुरेसा आहे.

सीएनसी लेथवर काम सुरू करण्यापूर्वी ऑपरेटर जॉबवर शून्य ठरवतो. शून्य दुसरीकडे घेतला तर प्रोग्रॅममधले आकडे बदलतात, तयार होणारा भाग मात्र तोच राहतो. लायब्नित्सने १७१५-१६ मध्ये क्लार्कला लिहिलेल्या पत्रांत असाच मुद्दा मांडला होता: सगळे विश्व आहे तसे उचलून बाजूला ठेवले तर काय फरक पडेल? काहीच नाही. तेव्हा स्थान हे सापेक्षच. इथवर लायब्नित्सची बाजू भक्कम आहे.

आता चक फिरू द्या. वेग वाढला की बाहेरून धरणारे जॉ केंद्रापासून दूर जाऊ पाहतात आणि जॉबवरची पकड सैल होते. म्हणूनच चकला कमाल वेग नेमून दिलेला असतो. चक स्थिर असून कारखानाच उलटा फिरतो आहे असे म्हटले, तरी त्यांची परस्परसापेक्ष गती तेवढीच. मग पकड का सैल व्हावी? फिरत्या बादलीतील पाण्याचा खोलगट पृष्ठभाग पुढे करून न्यूटनने १६८७ मध्ये विचारलेला प्रश्न हाच.

अर्न्स्ट माखने १८८३ मध्ये उत्तर सुचवले: चक फिरतो तो विश्वातील सर्व वस्तूंच्या सापेक्ष, जडत्वाचे मूळ तिथे शोधा. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये या विचाराला गणिती रूप दिले. त्यांच्या सिद्धान्तात कणाचे वस्तुमान इतर कणांमुळे ठरते.

आइन्स्टाइनलाही माखचे आकर्षण होते, पण त्याच्या १९१५च्या समीकरणांनी माखला पूर्ण न्याय दिलेला नाही. पूर्ण रिकाम्या विश्वातही ती जडत्व शिल्लक ठेवतात. उलट, फिरती पृथ्वी भोवतालचा अवकाश किंचित ओढते, हे त्यांचे भाकीत माखच्या दिशेने जाते. ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ उपग्रहाच्या २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हा परिणाम वर्षाला सुमारे ३७ सहस्रांश विकलांचा आहे.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना अशी: स्थान आणि एकसमान वेग सापेक्ष आहेत, हे ठामपणे शिकवावे. भ्रमणाशी आल्यावर बादली फिरवून दाखवावी आणि प्रश्न खुला ठेवावा. तो अजून खरोखरच खुला आहे.