मोटारीतून पाहिलेला हिमालय

आमच्या सोलापुरातील एका स्नेह्यांनी गेल्या जूनमध्ये आपली मोटार घेऊन सहकुटुंब स्पितीपर्यंतचा प्रवास केला, आणि तिकडून आणलेल्या छायाचित्रांपैकी बेचाळीस चित्रे मोठी करून, चौकटीत बसवून, दिवाळीच्या सुटीत एका मंगल कार्यालयात मांडली. तीन दिवस लोकांची रीघ होती. शाळकरी मुले आली, वकील-डॉक्टर मंडळी आली, माहेरी आलेल्या लेकी आल्या. आणि जो तो ‘काय देखावा आहे!’ असे म्हणून पुढच्या चित्राकडे सरकत होता. मीही पहिल्या दिवशी तेच म्हटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा मात्र मनात काहीतरी सलू लागले, आणि त्याचा उलगडा करावा म्हणून हे लिहीत आहे. स्नेह्याच्या कृतीवर चारचौघांत अभिप्राय देणे हे काम जोखमीचे खरे; परंतु ‘मास्तर, गोड बोलू नका, वाटेल ते लिहा,’ असे त्यांनीच बजावले असल्यामुळे तेवढ्यापुरता मी निर्धास्त आहे. त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून येथे घातलेले नाही.

प्रथम मार्गाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या शहरावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ हा दक्षिणेस अंकोल्याच्या किनाऱ्यापासून निघतो आणि विजापूर, सोलापूर, तुळजापूर, बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार असा थेट पंजाबातील संगरूरपर्यंत पोहोचतो. आपण ह्या रस्त्याने तुळजापूरास देवीच्या दर्शनाला जातो आणि परततो. तोच रस्ता न सोडता पुढे गेले तर हिमालयाची पायरी फार दूर राहत नाही, हे आमच्या स्नेह्यांनी करून दाखविले. पुढे सिमला, आणि सिमल्याहून डलहौसीच्या कारकिर्दीत १८५० साली ज्याचे काम सुरू झाले तो हिंदुस्थान-तिबेट रस्ता. सतलजच्या काठाने किन्नौर ओलांडून खाब येथे स्पिती नदी सतलजेस मिळते. तेथून वळून नाको, ताबो, काझा, आणि मग सुमारे पंधरा हजार फूट उंचीची कुंझुमची खिंड उतरून मनाली. परतताना रोहतांगचा चढ चुकविणारा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा, जो २०२० साली खुला झाला. असा हा अठरा दिवसांचा फेरा होता.

चित्रांच्या तांत्रिक बाजूस नावे ठेवावयास जागा नाही. कॅमेरा उत्तम, भिंग उत्तम, हात स्थिर. उंचावरील विरळ हवेत उन्हाची धार किती तीव्र असते आणि सावली किती काळी पडते, हे ज्याने तेथे चित्र घेतले आहे त्यास ठाऊक असते. ह्या चित्रांत उजेडही जळालेला नाही आणि सावलीही बुजलेली नाही. ताबोच्या मठाचे एक चित्र आहे. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या त्या मठाच्या मातीच्या भिंतींवर सकाळचे ऊन असे पडले आहे की भिंतीचा खरबरीतपणा बोटांना जाणवावा. आतील भित्तिचित्रांचे छायाचित्र घेण्यास मनाई असल्यामुळे त्यांनी कॅमेरा बाहेर ठेवला, हे त्यांनी आवर्जून सांगितले. मला ते ऐकून बरे वाटले.

मग सलले ते काय? बेचाळीसांपैकी निदान तीस चित्रे मी पूर्वी पाहिली होती. स्नेह्यांची नव्हेत, दुसऱ्यांची. टेकडीवर घरट्यांच्या उतरंडीसारखा रचलेला ‘की’चा मठ, किब्बरच्या रस्त्यावरील त्याच वळणावरून, लांगझा गावाकडे पाहत बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती, पाठीमागे तेच बर्फाचे शिखर, सुमारे चौदा हजार फुटांवरील चंद्रताल, त्यात तेच उलटे डोंगर. कॅलेंडरांवर, प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर आणि आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर ही चित्रे शेकडो वेळा येऊन गेलेली आहेत. आमच्या स्नेह्यांनी ती अधिक चांगली काढली, एवढेच. त्यांनी हिमालय पाहिला असे म्हणण्यापेक्षा, ज्या ठिकाणी मोटार उभी करण्यापुरती जागा होती त्या ठिकाणाहून हिमालय जसा दिसतो तसा त्यांनी पाहिला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. चित्राची जागा चित्रकाराने निवडलेली नसून रस्त्याने निवडलेली आहे.

ह्याच प्रदेशात पहिल्या पिढीतला एक कसबी छायाचित्रकार कसा हिंडला ते पाहण्यासारखे आहे. सॅम्युएल बोर्न हा नॉटिंगहॅम येथील बँकेत कारकुनी करणारा मनुष्य नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आला, आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेर सिमल्याहून निघून सतलजच्या खोऱ्यातून स्पितीच्या सीमेपर्यंत गेला. बरोबर सुमारे तीस हमाल होते. त्या काळची रीत अशी की काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, तंबूच्या अंधारात धुऊन काढावयाची. काच वाळली की चित्र गेले. म्हणून काचांच्या पेट्या, बाटल्या, तंबू, पाणी हे सर्व माणसांच्या पाठीवर. सुमारे दहा आठवड्यांच्या ह्या पहिल्या फेरीत त्याने १४७ काचा आणल्या. आमचे स्नेही अठरा दिवसांत चार हजारांवर चित्रे घेऊन आले. पुढे १८६६ साली बोर्न किन्नौर आणि स्पिती ह्यांच्यामधील मणिरंगच्या खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर चढला आणि तेथेही त्याने काचा धुतल्या; इतक्या उंचीवर छायाचित्र घेण्याचा हा विक्रम पुढे पुष्कळ वर्षे अबाधित होता.

येथे वाचकांस वाटेल की मी जुन्याची आरती ओवाळीत आहे. तसे नाही. बोर्नने आपल्या प्रवासाची हकीकत ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ ह्या नियतकालिकात लिहिली आहे, आणि ती वाचताना मनुष्य अस्वस्थ होतो. पळून गेलेल्या हमालांना काठीने धाकात आणल्याचे तो निःसंकोच सांगतो. वेठीची चाल त्या डोंगरी मुलखात रुळलेली होती, आणि त्याच्या चित्रांतील ती प्रशान्त शिखरे त्या पाठींवरून खाली आलेली आहेत. शिवाय दृष्टीच्या बाबतीतही तो स्वतंत्र नव्हता. ज्या चित्रपद्धतीत एका बाजूस झाड, मध्ये पाणी आणि मागे धूसर डोंगर असावा लागे ती विलायतेची पद्धत मनात घेऊन तो आला होता. आणि सतलजच्या उघड्या, अवाढव्य खोऱ्यात त्याला ना झाड सापडे ना तळे. हा देखावा छायाचित्राच्या मापात मावणारा नाही, अशी त्याची तक्रार होती. काश्मीर त्याला अधिक मानवले, ते ह्याच कारणाने. तात्पर्य, उसना डोळा घेऊन डोंगरात जाण्याचा रोग आजचा नव्हे.

परंतु बोर्नजवळ एक गोष्ट होती, जी आमच्या स्नेह्यांच्या चार हजारांत नाही. त्याला थांबावे लागे. काच एकदा वाया गेली की पुन्हा तंबू, पुन्हा लेप, पुन्हा पाणी. म्हणून धुके निवळेपर्यंत, वारा पडेपर्यंत तो एका जागी दिवस काढी. थांबलेल्या माणसास जागा हळूहळू आपले स्वरूप दाखवू लागते. ज्या खोऱ्यास त्याने मापात न मावणारे म्हटले त्याच खोऱ्याची त्याची काही चित्रे, झाड नाही, पाणी नाही, नुसता उतारावर उतार, आजही नजर धरून ठेवतात. आपल्या मराठी माणसांपैकी काकासाहेब कालेलकर १९१२ च्या सुमारास हिमालयात हिंडले ते पायी, आणि त्यांच्या प्रवासवर्णनात जी ओढ आहे ती त्या चालीची आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. मोटारीचा मी शत्रू नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसास ती कुंझुमपर्यंत नेते, हा तिचा उपकारच होय.

रात्रीच्या आकाशाची जी पाच चित्रे आहेत त्यांजविषयी फार लिहावेसे वाटत नाही. जांभळी-निळी आकाशगंगा पाहून मुले थक्क झाली; परंतु अंधारात मानवी डोळ्यास रंग जवळजवळ कळत नाहीत, आणि वीस-पंचवीस सेकंद उघड्या राहिलेल्या भिंगाने गोळा केलेले हे रंग तेथे उभ्या असलेल्या कोणीही पाहिलेले नाहीत. ‘तुम्हांस तसे दिसले काय?’ असे मी विचारले. ‘दिसले नाही, पण सुंदर आहे ना?’ हे त्यांचे उत्तर प्रामाणिक होते. मी गप्प राहिलो.

ह्याहून मोठी उणीव निराळी आहे. ह्या बेचाळीस चित्रांत, एक सोडून, कोठेही रस्ता नाही. ज्याच्यावरून ते गेले, ज्याच्या वळणांनी त्यांस प्रत्येक चित्राची जागा दिली, तो रस्ता चौकटीबाहेर काढून टाकलेला आहे. मोटार तर नाहीच. त्याबरोबर रस्त्यावरची माणसेही गेली. ह्या सरहद्दीच्या मुलखात १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेची कामे चालतात, आणि दरडी उपसणारी, डांबर तापविणारी मंडळी बहुधा झारखंड, बिहार किंवा नेपाळ येथून आलेली असतात. म्हणजे आमच्या स्नेह्यांप्रमाणे तीही परमुलखातलीच. बोर्नच्या पाठीवाहकांची ही आजची पिढी म्हणावी. बोर्नने निदान लिहिताना त्यांचा उल्लेख केला, रागाने का होईना. आपण त्यांस निर्जन सौंदर्याच्या आड येणारी वस्तू समजतो आणि ती बाजूला होईपर्यंत भिंग वळवून ठेवतो.

आता त्या एका चित्राकडे येतो. ते पाण्याच्या पिंपाजवळ, दाराआडच्या भिंतीवर लावलेले होते. नाकोच्या पुढे मलिंग नाला म्हणून एक कुप्रसिद्ध जागा आहे; तेथे डोंगर वरचेवर घसरतो आणि वाहतूक बंद पडते. आमच्या स्नेह्यांची मोटार तेथे साडेपाच तास अडकली. करण्यासारखे काही नव्हते, चित्र घेण्याजोगे काही दिसत नव्हते, आणि मुले कंटाळली होती. अखेर उन्हे कलल्यावर त्यांनी समोरच्या उताराचे एक चित्र घेतले. भुरा, रेताड डोंगर. त्याच्या पायथ्याशी दगडी बांध घातलेला वाटाण्याच्या शेताचा हिरवा तुकडा, घडी घालून ठेवलेल्या लुगड्याएवढा. बर्फाचे पाणी त्या तुकड्यापर्यंत आणणारा चिंचोळा पाट. आणि खालच्या कडेला, मोडलेल्या रस्त्यावर फावड्यावर हनुवटी टेकून उभा असलेला एक मजूर, जो आपल्याकडे न पाहता त्या हिरव्या तुकड्याकडे पाहत आहे. आकाश अगदी थोडे, आणि तेही पांढरट. ह्या चित्रात एकही शिखर नाही.

मी तेथे बराच वेळ उभा होतो, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, ‘हे आपल्या येडशीकडचे का हो?’ स्नेह्यांच्या कानावर ते गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘बघा मास्तर, म्हणूनच मी ते कोपऱ्यात लावले. हजारो किलोमीटर जाऊन आणलेले चित्र, आणि लोक म्हणतात येडशी!’

माझे मत नेमके उलट आहे, आणि त्याकरिताच हा लेखप्रपंच. त्या वृद्ध गृहस्थांची चूक भूगोलाची होती, नजरेची नव्हती. स्पिती कोरडी का? नैर्ऋत्येकडून आलेले मोसमी ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवर रिते होतात आणि पलीकडे कोरडा वारा तेवढा जातो. आपले सोलापूर कोरडे का? तेच ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपल्या वाट्याला उरलेसुरले येते. दोन्ही प्रदेश पर्जन्यछायेतले. खडक मात्र निराळे: लांगझाच्या परिसरात प्राचीन समुद्रातील शंखशिंपल्यांचे अश्म सापडतात, तर आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे हिमालय उंचावण्यापूर्वीचा. असे असूनही पाण्याच्या एका पाटावर जगणारा हिरवा तुकडा आणि त्याच्याकडे पाहणारा थकलेला मनुष्य हे दृश्य आपल्या माणसाने पाहताक्षणीच ओळखले. ‘की’च्या मठापुढे ‘काय देखावा आहे!’ म्हणणारा मनुष्य ह्या चित्रापुढे ‘हे कोठले?’ असे विचारू लागला. चित्राने त्याच्याशी बोलणे सुरू केले.

आमचे स्नेही ज्या आठवड्यात निघाले त्या आठवड्यात मृगाची वाट पाहत आपला माळ तापून पडला होता. शहरापासून तासाभराच्या आत नान्नजचे माळरान आहे; माळढोक पक्ष्याकरिता १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. तो पक्षी आता दिसेनासा झाला असला तरी काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि भाद्रपदात वाऱ्याने सबंध माळभर लवणारे गवत आहे. ह्या जागेचे एकही चित्र मी आजवर आपल्या कोणाच्या दिवाणखान्यात पाहिलेले नाही. आपल्या मुलांस देखावा म्हणजे बर्फ, देवदार आणि तळे असे आपण शिकवितो. आणि ती मोठी झाली की आपण वाढलो ती भूमी पाहण्यासारखी नव्हती अशा समजुतीने हे शहर सोडतात. स्नेह्यांच्या धाकट्या मुलीने मला विचारले, ‘काका, सोलापुरात फोटो काढण्यासारखं काय आहे?’ तिच्या वडिलांनी मलिंग नाल्याजवळ जे पाहिले ते तिने मोटारीत बसून पाहिले होते, आणि तिला ते कंटाळवाणे वाटले होते. दहा वर्षांच्या मुलीस तसे वाटावे ह्यात नवल नाही. तिच्या वडिलांसही तसेच वाटावे ह्याचे मला नवल वाटते, कारण चित्र तर त्यांच्याच हाताने निघाले.

तिसऱ्या दिवशी मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी ते चित्र दाराआडून काढून खिडकीजवळ लावले, चंद्रतालाच्या शेजारी. तेथे ते काहीसे बिचारे दिसले, हेही सांगितले पाहिजे. भडक निळ्या पाण्याशेजारी भुऱ्या मातीचा निभाव लागणे कठीण असते. ते निराळ्या भिंतीवर, एकटेच असावे. प्रदर्शन संपल्यावर मी ते विकत मागितले. इतर चित्रांस त्यांनी किंमती लावल्या होत्या, ह्यास लावली नव्हती. अखेर चौकटीचे पैसे घेऊन त्यांनी ते दिले. खाली त्यांच्याच हातची ओळ आहे, ‘मलिंग नाल्याजवळ, खोळंबा’. चांगले नाव सुचवा असे ते म्हणत होते. मी ती ओळ बदलू दिली नाही.