बियाण्याची परीक्षा आणि मजुराचे शरीर

जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांचा वाद आपल्याकडे दोन पक्षांत चालतो. एक पक्ष म्हणतो, हे विज्ञान आहे, शेतकऱ्याला ते निवडू द्या. दुसरा म्हणतो, हा निसर्गद्रोह आहे, गावाचे जुने बियाणे वाचवा. दोन्हीकडे विद्वान आहेत, अहवाल आहेत, मोर्चेही आहेत. हे लेखन मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे आणि दर वेळी एकच प्रश्न मनात उरतो. या चर्चेतला 'शेतकरी' म्हणजे नेमका कोण?

माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदण करीत आली. तिच्या रोजावर मी पदवीधर झालो. पण तिच्या नावे सातबारा नव्हता, म्हणून ती 'शेतकरी' नव्हती. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या माणसांपैकी जवळपास निम्मे शेतमजूर होते. स्वतःची शेती कसणारे त्याहून कितीतरी कमी. म्हणजे 'शेतकरी' हा शब्द उच्चारला की आपल्या समाजाचा मोठा भाग चर्चेबाहेर जातो. हा केवळ शब्दाचा दोष नाही. कायदाही याच शब्दाच्या मापाने शिवला गेला आहे.

1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 साली जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीचे नियम झाले. बियाण्याला मान्यता देणारी समिती केंद्रात, पर्यावरण मंत्रालयात. जिल्ह्यातही एक समिती असावी, असे त्या नियमांत आहे. तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी; सदस्यांत कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी. ज्यांचे हात त्या पिकाला रोज लागतात त्यांच्यापैकी एकही नाही.

26 मार्च 2002 रोजी बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली. त्याआधी परागकण किती दूर जातात, मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काय परिणाम होतो हे तपासले गेले. सरकी जनावरे खातात म्हणून शेळी, गाय, म्हैस, कोंबडी, मासा यांना खाऊ घालूनही पाहिले गेले. ही तपासणी योग्यच होती, तिला माझा विरोध नाही. पण चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता, ही आठवण ज्या समाजाच्या अंगात मुरली आहे, त्याने हे विचारलेच पाहिजे: गाय मोजली, मासा मोजला, मजूर कोणत्या रकान्यात आहे?

मान्यतेला एक अट होती. बीटीच्या भोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, साध्या कापसाखाली ठेवायचे. विषाला सरावलेल्या अळीचा संबंध साध्या अळीशी व्हावा आणि सरावलेल्यांचीच पैदास वाढू नये, हा त्यामागचा हेतू. 450 ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम साधे बियाणे दिले जाई. दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी अळीसाठी जमीन कशी सोडणार? बहुतेकांनी सोडली नाही. अट दिल्लीत लिहिली गेली आणि बांधावर मेली. 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली. 2006 साली आलेल्या दुसऱ्या बीटीचीही पुढे तीच गत झाली. रसशोषक किडींवर तर बीटीचा इलाज कधीच नव्हता. सुरुवातीला कमी झालेली फवारणी पुन्हा वाढली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 2020 साली दाखवून दिले की, शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्व काळापेक्षाही वर गेला आहे.

ती फवारणी करतो कोण? 2017 च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत लहान शेतकरी होते, तसेच रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. त्यांना बियाण्यातल्या जनुकाने मारले, असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही. त्यांना विषाने मारले. पण बियाण्याचा विचार पर्यावरण मंत्रालय करते, विषाचा कृषी मंत्रालय करते, आणि ते बियाणे व ते विष ज्या एका शरीरावर एकत्र येतात त्या शरीराचा विचार कोणीच करीत नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. ती विदर्भाच्या उन्हात, उघड्या पायांनी फवारणाऱ्याला कोणी वाचून दाखवली?

आता तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा आग्रह आहे. मान्यता नसतानाही तो 'चोरबीटी' म्हणून विदर्भात पेरला जातो. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने बंदी मोडून तो उघडपणे पेरला. निंदणाला बाया मिळत नाहीत, रोज परवडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. ज्या रोजाने मी शिकलो, तो रोज येथे केवळ 'खर्च' म्हणून येतो! सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी 2013 साली अशी पिके भारताला सर्वथा अयोग्य ठरवली आणि कारणांत ग्रामीण उपजीविकेचा उल्लेख केला. मजूर कागदावर आला तो असा, न्यायालयाच्या दारातून.

याचा अर्थ मी खुरप्याचे गोडवे गातो असा कोणी करू नये. वाकून वाकून माझ्या आईची कंबर गेली. तिच्या नातीने तेच करावे अशी माझी इच्छा नाही. म्हणूनच 'जुने बियाणे, जुना गाव' म्हणणाऱ्या पक्षाशीही आपले जमत नाही. त्या गावात वेस होती आणि आपण वेशीबाहेर होतो. बाबासाहेबांनी 1918 च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात जमिनीवरचा माणसांचा भार हाच मूळ प्रश्न मानला आणि उपाय म्हणून उद्योगीकरण सांगितले. हात शेतीतून सुटावेत, पण ते दुसऱ्या कामाला लागावेत. येथे हात सोडवण्याची घाई आहे. काम देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

23 जुलै 2024 रोजी जनुकीय मोहरीच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. मात्र केंद्राने सर्वांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण करावे, यावर दोघेही सहमत होते. त्यांनी तज्ज्ञ, राज्य सरकारे, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांचा उल्लेख केला. 'शेतमजूर' हा शब्द त्या यादीत नाही.

तो घालून घेणे हे आपले काम आहे. प्रत्येक बियाण्याच्या मान्यतेपूर्वी त्याच्या पाठोपाठ कोणते विष येणार, ते कोण फवारणार, किती बायांचे किती दिवसांचे काम जाणार, याचा हिशेब मांडला जावा. जिल्हा समितीवर मजूर बायांना जागा मिळावी आणि तिचे कामकाज मराठीत व्हावे. हा हिशेब सरकार आपण होऊन मांडणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी या खरिपात आपापल्या गावातली निंदणाची कामे आणि फवारणारी माणसे मोजायला सांगितले आहे. इतर महाविद्यालयांतील मित्रांनीही हे करावे. आपली मोजणी आपल्यालाच करावी लागेल.