कूटसूत्र आणि श्लेष

जबलपूरजवळचे तेवर हे गाव म्हणजे कलचुरींची प्राचीन त्रिपुरी. दहाव्या शतकात राजशेखर काही काळ येथील युवराजदेवाच्या आश्रयास होता. 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्या सांगताना भोजनोत्तर काव्यगोष्ठीत त्याने प्रश्नोत्तरे व समस्यापूर्ती यांना स्थान दिले आहे. पुढे अकराव्या शतकात बिल्हण त्रिपुरीच्या कर्णाकडे येऊन राहिला. त्याच्या नावावर असलेल्या 'चौरपंचाशिके'चे स्वैर इंग्रजी रूपांतर एडवर्ड पॉविस मॅदर्स याने १९१९ साली प्रसिद्ध केले. आणि याच मॅदर्सने १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात 'टॉर्क्वेमाडा' या नावाने कूट शब्दकोडी रचली. अनुवादक व कोडेकार एकाच व्यक्तीत नांदावेत यात नवल नाही. शब्द अर्थापासून सुटा करून पाहिल्याशिवाय दोघांचेही चालत नाही.

तथापि कूटसूत्राला श्लेषाच्या पंक्तीस बसविणे योग्य होणार नाही. 'उलटी वाहणारी नदी गरीब' हे दोन अक्षरी उत्तराचे सूत्र घ्यावे. जबलपूरच्या वाचकास पश्चिमवाहिनी नर्मदा आठवते, तिच्या पुराणकथा आठवतात, आणि तो फसतो. उलटायची असतात ती 'नदी' ही दोन अक्षरेच; उत्तर 'दीन'. श्लेषात दोन्ही अर्थ अखेरपर्यंत जिवंत राहून एकमेकांस उजळतात. कूटसूत्रात उत्तर हाती येताच वरचा अर्थ गळून पडतो. प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त तिला अलंकारपद नाकारले, ते या दृष्टीने यथार्थच होय.

परंतु एवढ्याने निर्णय पुरा होत नाही. नर्मदा गळून पडली खरी, पण फसण्यासाठी ती आधी आठवावी लागली. वाङ्मयीन संदर्भावर रचलेले सूत्र वाचकाच्या स्मरणात त्या संदर्भाचे अस्तित्व गृहीत धरते. म्हणूनच असे सूत्र अनुवादात टिकत नाही. दुसऱ्या भाषेत ते नव्यानेच घडवावे लागते, आणि तेही त्या भाषिकांच्या वाचनातून. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून 'निरोष्ठरामायण' रचणाऱ्या मोरोपंतांच्या मराठीत शब्दसामर्थ्याची वाण नाही. तरी मराठी शब्दकोडी बहुधा पर्यायी शब्दांवर भागतात. उणीव भाषेची नसून, सर्वांनी काही एक वाचलेले असेल या विश्वासाची आहे. कूटसूत्र काव्य नव्हे. पण त्या विश्वासाची ते नेमकी कसोटी आहे.