जनुकाची चोरी, जातीची चोरी : 'गॅटाका' आणि बाबुराव बागूल यांची कथा

प्रस्तावना

जनुकीय अभियांत्रिकीमुळे उद्याच्या समाजात जन्माधिष्ठित विषमतेचा नवा प्रकार उदयास येईल, ही भीती पाश्चात्त्य विज्ञानसाहित्यातून दीर्घकाळ व्यक्त होत आली आहे. आल्डस हक्सले यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) या कादंबरीत बाटलीत वाढणाऱ्या गर्भांची आल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच वर्गांत विभागणी होते आणि खालच्या वर्गाच्या गर्भाला प्राणवायूच कमी पुरविला जातो. या वर्गांसाठी हक्सले यांनी योजलेला शब्द 'कास्ट' हाच आहे. अँड्र्यू निकोल यांच्या 'गॅटाका' (१९९७) या चित्रपटाने हीच भीती भ्रूणनिवडीच्या तंत्राशी जोडली. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची व्यवस्था ज्या समाजाने प्रयोगशाळेवाचून शतकानुशतके चालविली, त्या समाजाच्या अनुभवावर हे भविष्यचित्र घासून पाहणे उद्बोधक ठरते. या दृष्टीने 'गॅटाका'ची तुलना बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेशी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन चोऱ्या

'गॅटाका'चा नायक व्हिन्सेंट नैसर्गिक रीतीने जन्मलेला आहे. जन्मतःच त्याच्या रक्ताच्या थेंबावरून हृदयविकाराची शक्यता वर्तविली जाते आणि त्याचे आयुर्मान तीस वर्षांच्या आसपास ठरविले जाते. अवकाशयात्री होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या या तरुणाच्या वाट्याला झाडलोट येते. अखेर तो जेरोम या उत्तम जनुकांच्या, परंतु अपघाताने पंगू झालेल्या जलतरणपटूचे रक्त, मूत्र आणि केस वापरून त्याच्या नावाने अवकाशसंस्थेत प्रवेश मिळवितो. बागूल यांच्या कथेचा दलित निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातमधील उधना येथे येतो. राहावयास जागा हवी, तर जात सांगावी लागते. तो ती झाकतो. सहकाऱ्याचा स्नेह आणि आदर त्याला लाभतो. पुढे जात उघडकीस येते आणि त्याला मारहाण होते.

दोन्ही कृतींत माणसाला स्वतःच्या गुणांवर जगण्यासाठी दुसऱ्याची ओळख पांघरावी लागते. दोन्हींत कायदा भेदभावाच्या विरुद्ध आहे. 'गॅटाका'तील समाजात जनुकांवरून भेद करणे बेकायदेशीर आहे, मात्र तो कायदा कोणी मनावर घेत नाही. बागूल यांची कथा प्रसिद्ध झाली, तेव्हा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ लागू होऊन आठ वर्षे लोटली होती. तरीही जागा देण्यापूर्वी जात विचारली जातच होती.

साम्य येथपर्यंत आहे. यापुढील भेद अधिक बोलका आहे. व्हिन्सेंटला रोज पहाटे स्वतःच्या त्वचेचे कण घासून काढावे लागतात, कारण गळून पडलेली एक पापणीही त्याचा घात करू शकते. त्याचे रहस्य शरीरात आहे. बागूल यांच्या निवेदकाच्या शरीरात मात्र शोधण्यासारखे काहीच नाही. तेथे तपासणी नाही, यंत्र नाही. आहे तो केवळ एक प्रश्न आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत न मिटणारा संशय. विषमतेला शरीराचा पुरावा लागतो, हे 'गॅटाका'चे गृहीतक बागूल यांच्या कथेपुढे टिकत नाही. भेद करण्याची इच्छा आधी असते आणि पुरावा उपलब्ध झाला, तर ती त्याचा उपयोग करून घेते.

नायकाचा विजय

'गॅटाका'चा शेवट विजयाचा आहे. व्हिन्सेंट आपल्या निवडक जनुकांच्या भावाला पोहण्यात हरवितो आणि अखेर यानातून टायटनकडे प्रयाण करतो. तपासणी करणारा डॉक्टर लामार त्याला ओळखूनही जाऊ देतो, कारण त्याचा स्वतःचा मुलगाही अपेक्षेप्रमाणे निपजलेला नाही. उत्तम ठरविल्या गेलेल्या जेरोमची आत्महत्या दाखवून ही व्यवस्था वरच्यांनाही चिरडते, हे दिग्दर्शकाने सूचित केले आहे. चित्रपटाचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु या विजयाने सिद्ध काय होते? व्हिन्सेंटविषयीचे भाकीत चुकले, एवढेच. ज्यांच्याविषयीचे भाकीत अचूक ठरले असते, त्यांच्या बाजूने चित्रपटाजवळ युक्तिवाद नाही. व्हिन्सेंटबरोबर झाडू मारणारे सहकारी पृथ्वीवरच राहतात. बागूल यांच्या कथेत निवेदकासमोर काशिनाथ आहे. तो जात लपवीत नाही. अपमानाला उघडपणे, संतापाने सामोरा जातो आणि शेवटी निवेदकाला मारातून सोडवितोही तोच. लपण्याच्या मार्गाशेजारी प्रतिकाराचा मार्ग उभा केल्यामुळे कथेला जे सामाजिक परिमाण लाभते, ते चित्रपटात आढळत नाही. तेथे सुटका होते ती एका अधिकाऱ्याच्या दयेने.

समतेचा आधार

या उणिवेचे उत्तर मराठी प्रदेशातील वैचारिक परंपरेत सापडते. सुप्रजाजननाचा विचार येथे परका नव्हता. पुढे कादंबरीकार म्हणून ख्यातनाम झालेले ना. सी. फडके यांनी १९२७ मध्येच भारतात सुप्रजाजननाची चळवळ असावी, असे प्रतिपादन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला होता. जातिव्यवस्था वंशशुद्धी राखते, असा तिचा बचावही केला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये या बचावाचे खंडन केले. जाती या वंश नव्हेत, हे त्यांनी दाखविले. मात्र ते तेथे थांबले नाहीत. माणसे समान नसतात, हा आक्षेप त्यांनी वस्तुस्थिती म्हणून मान्य केला. शारीरिक आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तीन बाबींवर माणसाचे सामर्थ्य अवलंबून असते. प्रयत्नांतील फरकामुळे वेगळी वागणूक एक वेळ समर्थनीय ठरेल. पण पहिल्या दोन बाबी माणसाच्या हाती नसल्याने त्यांवरून भेद करणे अन्याय्य होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. म्हणजे जनुकांचे भाकीत शंभर टक्के खरे ठरले, तरी समतेचा दावा अबाधित राहतो. 'गॅटाका' ज्या बिंदूवर थांबतो, त्याच्या पुढचे पाऊल येथे टाकलेले आहे.

जुन्या भेदाची नवी साधने

जुने भेद मिटून त्यांच्या जागी केवळ जनुकांचा भेद आला, असे 'गॅटाका'चा निवेदक सांगतो. प्रत्यक्षात त्याच चित्रपटात धाकट्या भावाच्या निवडीचा प्रसंग आहे. डॉक्टर आईवडिलांनी नोंदविलेल्या गोऱ्या वर्णाचा सहज उल्लेख करतो आणि मुलगा हवा की मुलगी, हेही सहज विचारतो. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हा प्रसंग भविष्यातील वाटणार नाही. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती ८०७ इतकी खाली गेली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड त्याच्या कक्षेत आली ती २००३ मध्ये. येथे कोणी हुकूमशहा नव्हता. घरातील जुनी इच्छा, दवाखान्यातील नवे यंत्र आणि दोहोंमधील व्यवहार एवढेच पुरेसे होते.

मंजुळा पद्मनाभन यांच्या 'एस्केप' (२००८) या इंग्रजी कादंबरीने हे सूत्र नेमके पकडले आहे. तेथे परस्परांच्या प्रतिकृती असलेल्या सेनापतींनी स्त्रीजातच संपविली आहे. उरलेल्या एका मुलीला तीन काका लपवून वाढवितात. या भयस्वप्नात तंत्राने नवा भेद निर्माण केलेला नाही. जुना भेद शेवटास नेला आहे.

समारोप

जनुकीय अभियांत्रिकीविषयीच्या भयकथा महाविद्यालयीन वर्गात शिकविताना त्या विज्ञानाविषयीचा इशारा म्हणूनच शिकविल्या गेल्या, तर त्यांचा अर्धाच आशय हाती लागतो. 'गॅटाका'शेजारी बागूल यांची कथा ठेवली असता दिसते, की तपासणी अधिक अचूक झाल्याने अन्याय न्याय्य होत नाही आणि तपासणी बंद केल्याने तो संपतही नाही. गर्भलिंगनिदान केले जात नाही, हे सांगणारा फलक कामोठ्यासारख्या नव्या वसाहतीतील सोनोग्राफी केंद्रातही कायद्याने लावावा लागतो. तो फलक यंत्राला उद्देशून नाही. ज्या इच्छेमुळे तो लावावा लागला, तिचे वाचन हेच मराठी समीक्षेचे या साहित्याच्या संदर्भातील कार्य ठरते.