शाहिद जमील यांचे हिपॅटायटिस ई विषाणूच्या प्रथिनांवरील संशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

वैज्ञानिक संशोधनाचा गौरव आपल्याकडे पुष्कळ होतो. त्याची चिकित्सा क्वचितच होते. पुरस्काराची बातमी वाचकापर्यंत पोहोचते, परंतु त्या संशोधनातील कोणते निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकले याची चर्चा होत नाही. रेण्वीय जीवशास्त्रज्ञ डॉ. शाहिद जमील यांना २००० साली वैद्यकीय विज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात त्यांच्या गटाने हिपॅटायटिस ई विषाणूच्या प्रथिनांवर जे काम केले, त्याचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

१९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नाल्याचे सांडपाणी पाणीपुरवठ्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही साथ हिपॅटायटिस एची नव्हती, हे साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून १९८० मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी काश्मीरमधील १९७८ च्या साथीचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. हा रोग बहुधा आपोआप बरा होतो. मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो जडल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. या विषाणूची प्रथिने समजून घेण्याची निकड इथे होती.

संशोधनाचे स्वरूप :

या विषाणूच्या जनुकसंचात प्रथिनांचा संकेत असणारे तीन मुख्य भाग आहेत. दुसऱ्या भागातून (ओआरएफ-२) विषाणूचे बाह्य कवच घडवणारे प्रथिन तयार होते. तिसऱ्यातून (ओआरएफ-३) एक छोटे प्रथिन तयार होते व त्याचे कार्य त्या काळी अज्ञात होते. मुख्य अडचण ही, की हा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींमध्ये समाधानकारकपणे वाढत नव्हता. म्हणून जमील यांच्या गटाने एकेक जनुक वेगळे काढून प्राण्यांच्या पेशींत घातले आणि निर्माण होणाऱ्या प्रथिनांचे निरीक्षण केले. ओआरएफ-२ प्रथिनाला शर्करेचे रेणू जोडले जातात व ते पेशीच्या पृष्ठभागावरही आढळते, हे त्यांनी १९९६ मध्ये दाखवले. ओआरएफ-३ प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला जातो व ते पेशीच्या सांगाड्याशी निगडित असते, हा निष्कर्ष १९९७ चा. ते पेशीतील संदेशवहनात हस्तक्षेप करते, असे २००१ मध्ये मांडले गेले.

मूल्यमापन :

या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. संपूर्ण विषाणू हाताशी नसताना प्रश्न विचारण्याचा तोच मार्ग होता. परंतु एकटे आणि मोठ्या प्रमाणात निर्माण केलेले प्रथिन जसे वागते, तसेच ते प्रत्यक्ष संसर्गात वागेल याची खात्री देता येत नाही. २००७ नंतर विषाणूची वाढ पेशींमध्ये कार्यक्षमपणे होऊ लागली आणि चित्र बदलले. ओआरएफ-३ प्रथिन नवे विषाणू पेशीबाहेर पडण्यासाठी आवश्यक असते, हे २००९ मध्ये दिसून आले. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले, की शर्करायुक्त ओआरएफ-२ प्रथिन पेशीतून बाहेर सोडले जाते. संसर्गक्षम विषाणूच्या कवचात मात्र शर्करारहित रूप असते.

यावरून जमील यांचे निरीक्षण चुकीचे ठरत नाही. शर्करायुक्त रूप खरेच अस्तित्वात आहे. फक्त ते विषाणूच्या कवचाचे रूप नव्हे. निरीक्षण टिकले, त्याचे स्थान बदलले. चीनमध्ये २०११ साली परवाना मिळालेली लसही याच संदर्भात पाहावी लागते. ओआरएफ-२ प्रथिनाचा एक तुकडा जीवाणूंमध्ये तयार करून ती बनवली आहे आणि हे जीवाणू त्या तुकड्याला शर्करा जोडत नाहीत. तरीही सुमारे १ लाख १२ हजार लोकांचा सहभाग असलेल्या चाचणीत ती प्रभावी ठरली. संरक्षणासाठी शर्करा अनिवार्य नाही, हे यातून सूचित होते.

दुसरी मर्यादा या संशोधनाची नसून आपल्या अपेक्षांची आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत या रोगाची साथ आली, तेव्हा विषाणूच्या प्रथिनांविषयी पुष्कळ ज्ञान उपलब्ध होते. तरी साथ आली, कारण तिचा मार्ग पाण्यातून जात होता. जलवाहिनी व सांडपाण्याची व्यवस्था प्रयोगशाळेच्या कक्षेत येत नाही. म्हणून ती जबाबदारी संशोधकावर टाकणे अन्यायाचे होईल आणि संशोधन झाले म्हणून ती विसरणे घातक ठरेल.

समारोप :

जमील यांच्या संशोधनाचे महत्त्व त्याच्या अंतिमतेत नाही. साधने अपुरी असताना त्यांनी तपासता येतील असे प्रश्न मांडले आणि पुढच्यांना ते तपासता आले, खोडता आले, नव्याने जुळवता आले. भारतीय भूमीवरच्या एका दुर्लक्षित रोगाला त्यांनी रेण्वीय अभ्यासाचा विषय बनवले, ही उपलब्धी कायम राहते. विज्ञानाचे अध्यापन करताना विद्यार्थ्यांसमोर केवळ निष्कर्ष न ठेवता, ते कोणत्या पद्धतीने मिळाले व त्या पद्धतीची सीमा कोठे होती, हेही ठेवले पाहिजे. त्याशिवाय गौरवाला अर्थ येत नाही.