निघता न येणारे घर

भुताच्या चित्रपटाला बसलेला प्रेक्षक एक प्रश्न हमखास विचारतो: एवढे घडूनही ही माणसे ते घर सोडून का जात नाहीत? दिग्दर्शकांजवळ त्याचे उत्तर बहुधा नसते. रेमी वीक्स या कृष्णवर्णीय इंग्रज दिग्दर्शकाने ते ‘हिज हाऊस’ (२०२०) या आपल्या पहिल्याच मोठ्या चित्रपटात दिले, आणि त्याचे सामाजिक भाष्यही त्या उत्तरातच आहे.

बोल आणि रिआल हे दक्षिण सुदानमधल्या रक्तपातातून निसटलेले जोडपे. समुद्र ओलांडताना त्यांच्याबरोबरची न्यागाक ही मुलगी बुडाली. इंग्लंडचे सरकार त्यांना एक पडीक घर देते, पण अटी घालून. नोकरी करायची नाही, अन्यत्र राहायचे नाही. अट मोडली तर परत पाठवणी. मग भिंतीमागून कुजबुज ऐकू आली तरी जायचे कुठे? बोल कचेरीत दुसरे घर मागतो, तर तिथल्यांना हेच घर त्यांच्या पायरीपेक्षा मोठे वाटते!

बोलला लवकरात लवकर इथला व्हायचे आहे. जमिनीवरचे जेवण सोडून तो टेबलाशी बसतो, हाती काटा घेतो. रिआलला मात्र घासाला धातूची चव लागते. वाट चुकल्यावर ती गणवेशातल्या काळ्या मुलांना रस्ता विचारते. तीच मुले तिच्या उच्चारांची टवाळी करतात. डॉक्टरपुढे ती अंगावरचे व्रण दाखवते. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही जमातींच्या खुणा तिने स्वतःच कोरून घेतल्या; कुठलीच नसल्यामुळे ती वाचली. वुन्मी मोसाकू हा प्रसंग आवाज न चढवता करते. साऱ्या चित्रपटात इतके भयंकर दुसरे काही नाही.

पुढे कळते, न्यागाक त्यांची मुलगी नव्हतीच. मुले असणाऱ्यांनाच बसमध्ये घेत होते, म्हणून बोलने ती तिच्या आईपासून हिसकावली होती. इथे वीक्सचे धाडस दिसते. निर्वासित म्हणजे निष्पाप गरीब गाय, ही सोयीची सहानुभूती तो प्रेक्षकाला घेऊ देत नाही. आसऱ्याचा हक्क सज्जनपणाच्या दाखल्यावर का अवलंबून असावा?

शेवटी ‘अपेथ’ ही चेटकी देहाने समोर येते, तेव्हा मात्र चित्रपट नेहमीच्या वाटेला लागतो. अंधारातला तिचा वावर पुरेसा होता. पण तिच्यानंतरही मेलेली माणसे त्या घरातून जात नाहीत. अधिकारी तपासणीला येतात, भिंती पाहतात. बुडालेले सगळे त्या जोडप्याभोवती दिवाणखान्यात उभे असतात.