फोटोतले आसन आणि आपली मान

लोणावळ्याला जाऊन चिक्की न आणणारा माणूस आणि योगाचे पुस्तक आणून ते शेवटपर्यंत वाचणारा माणूस, दोघेही दुर्मीळच. आमच्या मावळात तर योगाला निमित्तांचा तोटा नाही. पावसाळ्यात बाहेर फिरायला जाता येत नाही, घरात इंद्रायणीच्या भाताला नाही म्हणता येत नाही, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम लोकलच्या अंतरावर आहे. तरी मंडळी घरीच शिकणार! वर्गाला वेळेवर जावे लागते, पुस्तक आपल्या वेळेला उघडते.

पुस्तकांत पहिला मान बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ सालच्या ‘लाइट ऑन योगा’चा, म्हणजे मराठीतल्या ‘योगदीपिके’चा. २०० आसने, ६०० च्या आसपास छायाचित्रे, आणि प्रत्येक आसन किती अवघड हे सांगणारा १ ते ६० पर्यंतचा आकडा. शेवटी ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम. फ्रिजचे हप्तेसुद्धा याच्या आत फिटतात! पण पुस्तक प्रामाणिक आहे. आसनांच्या आधी सूचना आणि इशारे दिले आहेत. आपण मात्र ते सोडून थेट चाळिसाव्या आकड्यावर उडी मारतो.

कुवलयानंदांचे ‘आसने’ दिसायला साधे. या गृहस्थांनी आसनांचा अभ्यास क्ष-किरणांनी केला, ‘योगमीमांसा’ नावाचे नियतकालिक काढले. त्यामुळे चमत्काराची भाषा नाही. सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसासाठी एक क्रम आणि त्याहून सोपा दुसरा. आमच्यासारख्यांची सोय त्या दुसऱ्यात.

बाकी स्टॉलवरच्या पुस्तकांत फोटो असतो तो मुक्कामाचा, वाटेचा नाही. खंडाळ्याचा घाट फोटोत पाहून चढता येत नाही. आसनात जायचे कसे आणि मुख्य म्हणजे बाहेर यायचे कसे, हे नसेल तर ते पुस्तक परत ठेवावे.

मोबाइलवरचे व्हिडिओ ही वाट दाखवतात, हा त्यांचा मोठा गुण. श्वास कधी घ्यायचा, किती सावकाश उतरायचे, सगळे दिसते. पण आपण त्यांना पाहतो, ते आपल्याला पाहत नाहीत. सर्वांगासनात पाय वर गेले की मोबाइल राहतो बाजूला, आणि ‘आता काय म्हणाले?’ म्हणून माणूस मान वळवतो. नेमके तिथेच घात होतो. खांद्यांवर आणि मानेवर भार असताना मान हलवायची नसते. तेव्हा व्हिडिओ आधी बसून पाहावा, आसन नंतर करावे.

आमच्या सौभाग्यवतींची कसोटी याहून सोपी. दोन व्हिडिओ पाहून झाल्यावर ती म्हणाली, “अहो, हे कुणी करू नये, ते कुठे सांगितलंय?” नव्हते सांगितले. तिला रक्तदाब आहे. शीर्षासन आपल्यासाठी नाही हे तिला ठाऊक. पण ज्याला ठाऊक नाही, तो त्या हसऱ्या तरुणाच्या भरवशावर उलटा होणार! पुस्तक असो वा व्हिडिओ, ‘कुणी करू नये’ आणि ‘कुठे थांबावे’ ही दोन वाक्ये शोधावीत. सापडली, तरच पैसे किंवा वेळ खर्च करावा.

आणि घरात दोघे असाल तर एकाने सावकाश वाचावे, दुसऱ्याने करावे. बायको बोलत असताना नवऱ्याने मान न हलवता ऐकून घ्यायचे, हाही अभ्यास काही कमी नाही.